गडग्यावरचं ऑस्कर

"अगो, ती कदमांची छाया न्यूयॉर्कात जिंकली म्हणे. आपल्या खालच्या वाडीतल्या कदमांपैकी का ती?"

गडग्यापलीकडून माईंचा आवाज आला तेव्हा मी दात घासत होते. १० डिसेंबर २०२४ची सकाळ. पुण्याला शिकणाऱ्या नातवाने मध्यरात्री माईंच्या फोनवर काहीतरी पाठवलेलं आणि माईंनी ते पहाटे पाचला उठून चष्म्याशिवाय वाचलेलं. एवढ्या भांडवलावर माई अख्खी सोयरीक जुळवू शकतात.

आमच्या दोन आवारांच्या मधे जांभ्याचा गडगा आहे, कंबरेएवढा. एका पावसात त्याचे वरचे चार चिरे ढासळले, ते कुणी परत बसवले नाहीत. तेवढ्या खिंडारातून विरजण, कोथिंबीर आणि गावाची बातमी बिनबोभाट इकडून तिकडे जाते. रत्नागिरीत डिसेंबर लागला की त्या खिंडारावर विषय एकच. मोहोर. कुणाच्या कलमाला आला, कुणाचं कलम अजून पालवीच काढतंय, कुणी मोहोर ओढून आणायला कल्टार जास्त ओतलंन. त्या वर्षी त्यात सिनेमा घुसला.

तोंड पुसत मी गेले. "माई, वाडीतल्या नव्हेत त्या. छाया कदम, 'फँड्री'मधली जब्याची आई. आणि जिंकल्या त्या नाहीत, त्यांचा सिनेमा जिंकला. पायल कपाडियाचा. 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'."

"केवढं गो नाव! आणि दिलं कोणी बक्षीस?"

"तिकडच्या समीक्षकांनी."

"म्हणजे पेपरात चांदण्या देतात ते?"

तेच ते. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचं मंडळ १९३५ पासून आहे, लॉस एंजेलिसचं १९७५ पासून. मोजके लोक, काही डझन. डिसेंबरात एकत्र येतात, फेऱ्यांवर फेऱ्या मतदान करतात आणि वर्षातलं चांगलं काय ते सांगून मोकळे होतात. ३ डिसेंबरला न्यूयॉर्कवाल्यांनी परदेशी सिनेमांत पायलच्या सिनेमाला पहिला केला, ८ तारखेला लॉस एंजेलिसवाल्यांनीही केला. आणि आदल्या रात्री गोल्डन ग्लोबची नामांकनं आली त्यात दोन ठिकाणी नाव. एक सिनेमाचं, एक खुद्द पायलचं, दिग्दर्शक म्हणून. सहा दिग्दर्शकांत ती एक.

"काही डझन म्हणजे पेटीभर," माई म्हणाल्या. "पेटीभर माणसं ठरवतात होय? गोष्ट काय आहे पण?"

मी तो नोव्हेंबरअखेर मुंबईला बहिणीकडे गेले असताना थेटरात बघितला होता. मुंबईतल्या इस्पितळात दोन मल्याळी नर्सा. थोरलीचा नवरा जर्मनीला, त्याचा पत्ता नाही. धाकटीचं एका मुसलमान मुलावर प्रेम. आणि त्याच इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे छाया कदम. नवरा गेलेला, राहती खोली बिल्डरच्या घशात चाललेली आणि ती खोली आपली असल्याचा हिच्याकडे कागद नाही. शेवटी ती मुंबई सोडून गावी येते. गाव रत्नागिरीकडचं.

"आपल्याकडचं?" माईंनी कोथिंबिरीची जुडी चिऱ्यावर ठेवली. "मग काय काय दाखवलंय?"

"घर आहे, समुद्र आहे, किनाऱ्यावरची टपरी आहे."

"आंबा?"

"मला तरी नाही दिसला."

"मग कसली मेली रत्नागिरी!" माईंनी जुडी परत उचलली. पण गेल्या नाहीत. "बरं, म्हणजे यंदा ऑस्कर आपलंच."

इथे मला खिंडाराच्या कडेला टेकून बसावं लागलं. हे चालत्या पायावर सांगण्यासारखं नव्हतं.

"माई, तो ऑस्करला गेलेलाच नाही. त्या परदेशी विभागात एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा असतो. आपल्याकडे फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती ठरवते. सप्टेंबरात तेरा जण बसले, एकोणतीस सिनेमे बघितले आणि 'लापता लेडीज' पाठवला."

"तेराच्या तेरा बाप्येच असणार."

"तेराच्या तेरा."

"मला काय, बघायलाच नको." माई क्षणभर थांबल्या. "पण 'लापता लेडीज' चांगला आहे गो. ती स्टेशनावर चहा-भजीवाली बाई..."

"मंजू माई. तीही छाया कदमच."

यावर माई जे हसल्या! "म्हणजे वराकडचीही तीच आणि वधूकडचीही तीच. तिने अक्षता टाकायच्या तरी कुठल्या बाजूने?"

पायलचा सिनेमा मे महिन्यात कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. तीस वर्षांनी तिथे भारतीय सिनेमा लागला, आधीचा शाजी करुण यांचा 'स्वाहम्', १९९४चा. नुसता लागला नाही, ग्राँ प्री घेऊन आला, म्हणजे तिथलं दोन नंबरचं बक्षीस. छाया कदम तिथे आईची साडी नेसून, आईचीच नथ घालून गेल्या होत्या. ते फोटो माईंनी पाहिलेले होते, नथ मोत्यांची आहे हेही त्यांच्या लक्षात होतं. फक्त तो सिनेमा हाच, हे नव्हतं.

"मग ह्या तेरा जणांना काय खुपलं?"

फेडरेशनच्या अध्यक्षांनी कारण सांगितलं होतं ते मी सांगितलं. समितीला म्हणे असं वाटलं, की आपण भारतात घडणारा युरोपियन सिनेमा बघतो आहोत.

आता हे ऐकून हसावं की रडावं? त्याच वर्षी इंग्लंडने ऑस्करला पाठवलेला 'संतोष' हिंदीत आहे, उत्तर भारतातल्या हवालदार बाईची गोष्ट. जर्मनीने पाठवला तो फारसीत, इराणचा. फ्रान्सने पाठवला 'एमिलिया पेरेझ', तो घडतो मेक्सिकोत आणि बोलतो स्पॅनिश. आणि याच फ्रान्सच्या अखेरच्या चार सिनेमांत पायलचाही होता, कारण त्यात तिकडचेही पैसे होते. म्हणजे फ्रेंचांनी आमचा मल्याळी-हिंदी-मराठी सिनेमा आपला म्हणून हाती धरून पाहिला आणि आम्ही म्हटलं, छे, हा आमच्यासारखा दिसत नाही.

माईंना देशांचा हिशेब फारसा लागला नाही, पण मुद्दा चटकन लागला. "आपल्या बागेतला आंबा देवगडच्या खोक्यात घालून विकतात, तसलं काहीतरी."

तसलंच, पण उलटं.

१८ डिसेंबरला सकाळी मी होऊन हाक मारली. ऑस्करवाल्यांनी पंच्याऐंशी देशांतून पंधरा सिनेमे निवडले होते. 'लापता लेडीज' नव्हता. 'संतोष' होता.

"म्हणजे इंग्लंडची हिंदी चालली, आपली नाय चालली," माई म्हणाल्या आणि पंप चालू करायला गेल्या. त्या दिवशी ढग होते. मोहोरावर तुडतुडा पडेल म्हणून घरोघर फवारणीची घाई.

मला मात्र दिवसभर 'श्वास' आठवत राहिला. २००४ साली आपला 'श्वास' ऑस्करला गेला होता. कोकणातला आजोबा नातवाला शहरात आणतो, डोळ्याचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. 'श्यामची आई'नंतर जवळपास पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं होतं. दोन्ही गोष्टी कोकणातल्या, हे आम्हाला सांगायला आवडतं. तर अमेरिकेत जाऊन सिनेमा दाखवायचा, जाहिराती करायच्या, त्याला पैसे नव्हते. लोकवर्गणी झाली. मी तेव्हा बँकेत होते, आम्हीही टेबलावर डबा फिरवला होता. काही हाती लागलं नाही. पुढे २००९ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला, २०१५ला 'कोर्ट'. नामांकन कुणालाच मिळालं नाही. 'कोर्ट' तर व्हेनिसला दोन बक्षिसं घेऊन आलेला.

तिकडे ऑस्करच्या मोसमात नुसता चांगला सिनेमा पुरत नाही. मतदारांना खेळ दाखवायचे, मुलाखती द्यायच्या, हमरस्त्यावर फलक लावायचे. मोठ्या कंपन्या यात पाण्यासारखा पैसा ओततात. मी हे माईंना सांगितलं तेव्हा त्या एका शब्दात म्हणाल्या, "कल्टार." त्यानंतर आमच्या बोलण्यात तो शब्दच रूढ झाला. अमक्या सिनेमाला कल्टार किती घातलंय?

जानेवारीच्या ३ तारखेला पायलचा सिनेमा हॉटस्टारवर आला. मी फोन घेऊन माईंच्या ओटीवर गेले. खालची अक्षरं वाचायला त्यांना जमेना, म्हणून मी वाचत होते. पहिला अर्धा तास माईंची टीकाटिप्पणी चालू होती. मुंबईत एवढा पाऊस, मुलगी रात्रीची कुठे भटकते, इस्पितळातल्या बाया किती बारीक. मग ते पार्सल येतं. थोरल्या नर्सच्या दारात एक खोकं, आत लालबुंद राइस कुकर, जर्मनीतला. चिठ्ठी नाही, नाव नाही. पाठवणारा नवराच असणार, दुसरं कोण. रात्री ती बाई एकटीच जमिनीवर बसून तो कुकर कवटाळते.

माई बोलायच्या थांबल्या. त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. टपरीवरचे दिवे दिसले, सिनेमा संपला, मी फोन बंद केला, तरी नाही.

मग उठता उठता म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी मस्कतहून मिक्सर पाठवलेला. नऊ वर्षांत दोनदा आले. मिक्सर एकदा."

मी गडगा ओलांडून घरी आले. चांदण्या देणाऱ्यांनी या सिनेमावर पानंच्या पानं लिहिली होती, लंडनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने वर्षातला पहिला क्रमांक दिला होता, पण मला वाटतं माईंचं परीक्षण सर्वांत नेमकं.

दोन दिवसांनी अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने पायलला वर्षातली सर्वोत्तम दिग्दर्शक ठरवलं. परदेशीतली नव्हे, सगळ्यांतली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ६ जानेवारीला आपल्याकडे उजाडता उजाडता, गोल्डन ग्लोबमध्ये दोन्ही बक्षिसं गेली. सिनेमाचं 'एमिलिया पेरेझ'ला, दिग्दर्शनाचं 'द ब्रुटलिस्ट'च्या ब्रेडी कॉर्बेटला.

"असं कसं गो? एका घरात मुलगी पसंत आणि शेजारच्या घरात नापसंत?"

मी म्हटलं, घरंच वेगळी आहेत. समीक्षक ऑस्करला मत देत नाहीत. गोल्डन ग्लोबला देशोदेशीचे तीनशेवर पत्रकार मत देतात, तेही ऑस्करचे मतदार नव्हेत. ऑस्करचे मतदार दहा हजारांच्या आसपास, आणि ते सगळे सिनेमे करणारे. नट, लेखक, कॅमेरावाले, संकलक. समीक्षकांचं आणि त्यांचं जुनं वाकडं. १९४१ला न्यूयॉर्कच्या मंडळाने 'सिटिझन केन' निवडला, ऑस्कर गेलं 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला. २०१०ला दोन्ही शहरांच्या समीक्षकांनी 'द सोशल नेटवर्क' डोक्यावर घेतला, जिंकला 'द किंग्ज स्पीच'. क्वचित जुळतंही, २०१९ला 'पॅरासाइट'चं जुळलं. आपल्या राजामौलींना 'आरआरआर'साठी न्यूयॉर्कवाल्यांनी २०२२ साली सर्वोत्तम दिग्दर्शक केलं होतं. ऑस्करला त्यांचं नावही नव्हतं, गाणं तेवढं जिंकलं.

"मग ह्या समीक्षकांच्या याद्या कशाला वाचायच्या?"

"मोहोर कशाला बघतात, माई?"

"करार करायला." माई व्यवहाराला पक्क्या. मोहोर बघून व्यापारी बागेचा आकडा बोलतो, मोहोरातलं फळ किती धरेल ते त्यालाही ठाऊक नसतं आणि बागवाल्यालाही. तरी आकडा बोलला जातो.

तेव्हाच आमची पैज ठरली, यंदा सर्वोत्तम सिनेमाचं ऑस्कर कुणाला. ऑस्करची नामांकनं १७ जानेवारीला यायची होती, पण लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे पेटले आणि ती २३वर गेली. आली तेव्हा 'एमिलिया पेरेझ'ला तेरा, 'द ब्रुटलिस्ट' आणि 'विकेड'ला दहा-दहा, 'कॉनक्लेव्ह'ला आठ, 'अनोरा'ला सहा. पायलचं नाव कुठेच नाही. मुख्य विभागांत ते यायला वाव होता, पण नाही आलं. माईंनी त्यावर दोन मिनिटं शिव्या घातल्या, त्या इथे देत नाही.

मग एकेकाची गोष्ट सांगायला लावली. 'द ब्रुटलिस्ट' म्हणजे युद्धातून वाचून अमेरिकेत आलेल्या हंगेरियन ज्यू वास्तुकाराची कहाणी, साडेतीन तासांची.

"मधे चहा?"

"पंधरा मिनिटांचं मध्यंतर आहे."

"मग हरकत नाय."

'कॉनक्लेव्ह'मध्ये पोप निवडतात. बंद दाराआड मतदान, कुजबूज, एकेकाची लफडी बाहेर काढणं. माई म्हणाल्या, हे बघायला तिकीट कशाला काढू, ग्रामपंचायत आहे की. 'अनोरा' सांगताना मी जरा अडखळले. न्यूयॉर्कातल्या क्लबात नाचणारी मुलगी. रशियन धनाढ्याचं लाडावलेलं पोर तिला लास वेगासला नेऊन लग्न करतं. बातमी कळते तशी बापाची माणसं दारात, आणि मग आई-बाप स्वतःच्या विमानातून लग्न मोडायला येतात.

"सासू विमानाने येते?"

"हो."

"आणि पोरगा?"

"पळून जातो."

"हेच जिंकणार," माईंनी निकाल दिला. "बाकीचं सगळं लांबलांबचं आहे. हे घरोघरचं."

मी 'द ब्रुटलिस्ट' धरला. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा पहिला नंबर होता, गोल्डन ग्लोब मिळालेलं होतं, शिवाय विषय मोठा, लांबी मोठी. पैज एक डझन हापूसची. हरणाऱ्याने द्यायचे, पहिल्या तोडणीचे, डाग नसलेले.

जानेवारीअखेरपासून एकेकाचा मोहोर गळू लागला. 'एमिलिया पेरेझ'च्या नायिकेची जुनी, घाण ट्वीट्स कुणीतरी उकरून काढली आणि तेरा नामांकनांवर भुरी पडली. ७ फेब्रुवारीला क्रिटिक्स चॉइसमध्ये 'अनोरा' सर्वोत्तम ठरला, आणि गंमत म्हणजे त्या रात्री त्याला तेवढं एकच बक्षीस. दुसऱ्या दिवशी मात्र दिग्दर्शकांच्या गिल्डने आणि निर्मात्यांच्या गिल्डने, दोघांनीही त्यालाच उचललं. गिल्डवाल्यांतले बरेच जण ऑस्करचेही मतदार असतात, म्हणून जाणकार समीक्षकांपेक्षा त्यांच्याकडे डोळा ठेवतात. त्यातून निर्मात्यांचं मतदान ऑस्करच्याच पद्धतीचं. दहा सिनेमे पसंतीने लावायचे, तळाचा बाद करायचा, त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीला द्यायची, असं निम्म्याच्या वर कुणी जाईपर्यंत. त्यामुळे काहींचा जीव की प्राण असलेला सिनेमा पडतो आणि पुष्कळांना दुसरा-तिसरा म्हणून चालणारा निघून जातो.

"म्हणजे भांडकुदळ उमेदवार पडतो," माई म्हणाल्या. "सरपंचाच्या निवडणुकीला असंच हवं होतं."

मग ब्रिटिशांचं बाफ्टा आणि नटांच्या गिल्डचं बक्षीस 'कॉनक्लेव्ह'ला गेलं आणि माई दोन दिवस गप्प होत्या. मला आशा वाटली. माझ्या दारातल्या कलमावर कैरी तेव्हा सुपारीएवढी झाली होती. मग उष्मा आला आणि दोन रात्रींत निम्मी कैरी खाली. माईंकडे काही नाही झालं. गडगा एक, हवा एक, पण पलीकडचं झाड धरून राहिलं.

३ मार्चला सकाळी माईंच्या नातवाने फोन केला आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकून खिंडारातच ठेवला. संकलन, पटकथा, दिग्दर्शन, नायिका, शेवटी सिनेमा, 'अनोरा', 'अनोरा'. शॉन बेकर नावाच्या एकट्या माणसाने एका सिनेमासाठी चार पुतळे नेले. पाचवा नायिकेचा, मायकी मॅडिसनचा. सगळे डेमी मूर म्हणत होते, माझ्यासकट. 'द ब्रुटलिस्ट'ला नटाचं मिळालं, म्हणून माझी अब्रू थोडी वाचली. परदेशी विभागात ब्राझीलचा 'आय अॅम स्टिल हिअर'. तेरा नामांकनांचा 'एमिलिया पेरेझ' दोन घेऊन घरी.

"एक डझन," माई म्हणाल्या.

"माझी कैरी गळली, तुम्ही बघितलीत ना."

"पैजेत हवेचं काही ठरलं नव्हतं. मेमध्ये दे. बाजारातून आणून दे." मग फोन उचलून पदराने पुसत म्हणाल्या, "आणि आज रात्री ये गो. तो कुकरवाला सिनेमा परत लावू. ह्या सासूवाल्याचं नंतर बघू."

"येते."

"येताना चटणी वाटून आण. आमचा मिक्सर बंद पडलाय."

"मस्कतचा?"

"छे! तो खोक्यात आहे, माळ्यावर. तो कशाला वापरायचा?"